शेलारमामा एरवी काय करायचे?

गेल्या गणपतीत आजोळी, उमरठला, मी एक खेळ मांडला आणि तो पहिल्याच रात्री माझ्याच चुकीने फसला. हा लेख त्या चुकीबद्दल आहे. वाटेत कोंढाणा लागेल, कारण उमरठमधून निघालेली कुठलीही गोष्ट कोंढाण्यावरून गेल्याशिवाय राहत नाही.

पोलादपूरहून ढवळ्याकडे, म्हणजे चंद्रगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. ट्रेकर मंडळी इथे गाडी थांबवतात, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ उभी राहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. शेलारमामांची समाधीही याच गावात आहे. तिच्यासमोर सेल्फी कमी निघतात. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. नायक तो नायक, मामा तो मामा.

खेळ होता टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात त्या जातीचा. चार-पाच जण, कागद, पेन्सिल, फासे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. जिथे यश येईल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकायचे. एक जण गेममास्टर होतो. त्याच्या वाट्याला उरलेलं सगळं जग येतं: पाऊस, रस्ते, खलनायक, आणि नायक सोडून बाकीची झाडून सगळी माणसं. या माणसांना खेळाच्या भाषेत एनपीसी म्हणतात, म्हणजे कुठल्याही खेळाडूच्या हातात नसलेली पात्रं. हल्ली इंटरनेटवर ही शिवीही झाली आहे. ज्याला स्वतःचं डोकं नाही, जो ठरलेली चार वाक्यंच बोलतो, तो एनपीसी. मी त्यांना सहपात्रं म्हणेन.

आमचा खेळ सुपरहिरोंचा होता आणि घडत होता आजच्या उमरठमध्ये. बारावीतल्या मामेबहिणीने कुठलाही कडा चढणारी नायिका घेतली आणि तिचं नाव अर्थातच यशवंती ठेवलं. एका मामेभावाच्या नायकाला डोंगराच्या पोटातला आवाज ऐकू यायचा. दुसऱ्याचा नायक एकाच वेळी डोंबिवलीत आणि गावात हजर राहू शकायचा. प्रत्येक चाकरमान्याला हवी असलेली शक्ती. मी गेममास्टर. चार दिवस खपून चौदा सहपात्रं तयार केली. एसटीचा कंडक्टर, रेशन दुकानदार, निवृत्त मास्तर, जंगलातली मुळं ओळखणारा म्हातारा, आशाताई. आणि बबन. वय तेरा, आईवडील दरडीत गेलेले. बबन हे माझं हुकमी पान होतं. तो भेटला की नायकांच्या मनात काहीतरी पेटणार, आणि मग खरी कथा सुरू होणार.

खेळाडू एकेका पात्राला भेटत गेले. दर वेळी त्यांचा प्रश्न एकच: हा आपल्याला काय देणार? दुकानदाराने माहिती दिली, कंडक्टरने लिफ्ट दिली, म्हाताऱ्याने मुळी दिली. वस्तू मिळाली की ते पात्र संपलं. मग बबन आला. मी आवाज जरा खाली आणून त्याची कहाणी सांगितली.

मामेबहीण म्हणाली, “दादा, हा एरवी काय करतो?”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्याशी बोलत नसतो तेव्हा. राहतो कुणाकडे? शाळेत जातो का? त्याला आवडतं काय?”

मी म्हटलं, “अगं, त्याचे आईवडील गेलेत.”

“ते कळलं. ते त्याला झालं. तो काय करतो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्या शांततेत मला दुसरी गोष्टही कळली. जुलै २०२१च्या पावसात महाड तालुक्यात तळिये आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. मी तेव्हा शहरात होतो, फोनवर बातम्या वाचत होतो. समोर बसलेल्यांतल्या दोघांनी ते दिवस इथेच काढले होते. त्यांच्या तालुक्यातलं मरण मी एका पोरावर चिकटवलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या नायकांना जोर यावा म्हणून. आतून मामीने हाक मारली, “अरे, जेवायला येताय, की गड घेऊनच उठणार?” आम्ही उठलो. त्या रात्री पुन्हा कुणी फासे काढले नाहीत.

दोन मावळे आणि एक घोरपड

झोप येईना, म्हणून मी तोच प्रश्न घरच्याच गोष्टीला विचारून पाहिला. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र, कोंढाणा, आणि तानाजी सोडून बाकी सगळे. ही माणसं एरवी काय करायची?

सगळ्यात जुन्या मराठी कथनांपैकी एक कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर १६९०च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. घटनेला तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. सभासद हा प्रसंग थोडक्यात उरकतो. तानाजी पाचशे माणूस घेऊन निघतो. दोन चांगले मावळे निवडून त्यांना रात्री कड्यावर चढवतो. ते वानरासारखे वर जातात, मग त्यांच्या मागून तीनशे जण चढतात. तानाजी आणि उदयभान एकमेकांच्या हातून पडतात. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो आणि गड घेतो. राजगडावर कळावं म्हणून गडावर आग पेटवली जाते.

ही रचना नीट पाहा. नायक मधेच मरतो. लढाई त्याच्यानंतर जिंकली जाते. गोष्टीचा सगळा भार अशा वेळी सहपात्रांवर येतो, जेव्हा त्यांना विचारायला नायकच उरलेला नाही. सुपरहिरोच्या गोष्टीत असं सहसा घडत नाही. तिथे नायक पडतो तो पुन्हा उठण्यासाठी.

सभासदाने त्या दोन मावळ्यांची नावं लिहिलेली नाहीत. सबंध मोहीम ज्यांच्या बोटांवर तोलली होती ते दोघे निनावी. पुढे शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात कड्यावर पहिली जाते ती घोरपड, आणि तिला नाव आहे: यशवंती. घोरपड खरी की खोटी हा वाद इथे नको. मला यात परंपरेची एक सवय दिसते. दोन माणसांची रिकामी जागा एका प्राण्याने भरली, आणि माणसांना मिळालं नाही ते नाव त्या प्राण्याला मिळालं. मढे घाटाचंही तसंच. तानाजींचं पार्थिव त्या घाटाने उमरठला आणलं असं सांगतात. खांदा कुणी दिला ते कुणाला माहीत नाही. नाव राहिलं ते घाटाला.

पोवाड्याला काय कळलं होतं

तरीही सहपात्रांच्या बाबतीत तुळशीदासाचा पोवाडा मला सगळ्यात शहाणा वाटतो. हॅरी ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं भाषांतर केलं आणि १८९४ मध्ये मराठी पोवाड्यांच्या त्याच्या इंग्रजी संग्रहात ते छापलं गेलं. बहुतेकांना मात्र ही गोष्ट पाठ आहे ती आजीकडून किंवा शाळेतून.

या पोवाड्यात मराठी बाजूच्या प्रत्येकाला काहीतरी हवं आहे. जिजाऊंना गड हवा आहे. त्या मुलाशी सोंगट्या खेळतात, जिंकतात आणि पणात गड मागतात. उमरठला रायबाचं लग्न निघालं आहे. घरात अक्षता, मांडव, पाहुणे. म्हणजे निरोप येण्याआधी या घरात दुसरंच काहीतरी चालू होतं. तानाजींचं ते प्रसिद्ध वाक्य मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते येतंच. त्या वाक्याला वजन येतं ते मांडवामुळे. मांडव नसता तर ती नुसती डरकाळी झाली असती.

शेलारमामा ऐंशी वर्षांचे. लग्नघरातला सगळ्यात वडील माणूस. आमंत्रणाच्या याद्या, मानपान, कुणाला कुठे बसवायचं, रुसलेल्या पाहुण्याची समजूत कुणी काढायची. कोकणातल्या कुठल्याही लग्नात हे काम मामाकडे असतं. हे पोवाड्यात लिहिलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला ते लिहावं लागत नाही. मामा म्हणजे एरवी काय करतो हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून असा माणूस भाच्याबरोबर रात्रीचा कडा चढायला निघतो तेव्हा आपण चमकतो. आणि भाचा पडल्यावर उदयभानाला मारतो तो हाच म्हातारा.

पण पोवाड्यातलं सगळ्यात धाडसी सहपात्र घोरपडच. ती चढायला नाही म्हणते. कितीतरी गड चढलेली, कधी माघार न घेतलेली यशवंती या कड्यावर मागे फिरते. तानाजी चिडतात, तिला कापून खायची धमकी देतात, आणि मग ती चढते. नायकाची ही काही फार शोभणारी घटका नाही. शाहिराला ती गाळता आली असती. त्याने ठेवली, आणि त्यामुळे गोष्टीत असा एक जीव आला, ज्याला नायकापेक्षा जास्त कळतं आहे आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही. नकार देता येणं ही सहपात्र जिवंत असल्याची मोठी खूण आहे.

याच पोवाड्याची दुसरी बाजू मात्र पाहा. गडावर तानाजींसमोर आधी चंद्रावळी हत्ती येतो, मग सिद्दी हिलाल, मग उदयभानाचे मुलगे, मग स्वतः उदयभान. एकापेक्षा एक दांडगे. बायका किती, मुलगे किती, सगळं आकड्यांत. ही सरळ व्हिडिओ गेममधली बॉसची रांग आहे. यांतल्या कुणालाही काही नको आहे. ते फक्त मोठे आहेत. एकाच कवनात एका बाजूला मन असलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला आकडे. आमच्या खेळातल्या माझ्या चौदा पात्रांपैकी तेरा चंद्रावळी हत्तीसारखी होती. बबन तर त्याहून वाईट. हत्ती निदान लढला तरी.

मृत्यू एक, मालक तीन

हरि नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यांच्यापुढे वेगळी अडचण होती. कादंबरीला हत्ती चालत नाही. खलनायकाला मन लागतं. म्हणून त्यात कमलकुमारी आली, सती जायला निघालेली आणि उदयभानाच्या तावडीत सापडलेली राजपूत विधवा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या माणसाने गडाच्या गोष्टीतही एक विधवा आणून उभी करावी, यात नवल नाही. आता उदयभानाला काहीतरी हवं आहे. पण त्याला मन मिळालं ते एका स्त्रीची फरफट करून, आणि ही किंमत पुढच्या रूपांतरांनीही भरली.

सिनेमाने ही गोष्ट फार लवकर उचलली. बाबूराव पेंटरांचा मूकपट ‘सिंहगड’ १९२३चा. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, वय जेमतेम बावीस. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी आपट्यांच्या कादंबरीवरून बोलपट ‘सिंहगड’ दिग्दर्शित केला. ही गोष्ट दिग्दर्शक म्हणून हाती घेण्याआधी त्यांनी ती मामाच्या जागेवरून पाहिली होती, हे मला फार आवडतं. गेममास्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हीच शिक्षा द्यावी: आधी मामा हो.

मग १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊतांचा ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’ आला. २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ही आला, पण इथे मी ‘तान्हाजी’च घेतो, कारण त्याचं व्याकरण उघडउघड सुपरहिरोपटाचं आहे. संथ होत जाणारी उडी, थ्रीडी, दरीवरून झेप. मी थिएटरमध्ये शिट्ट्या मारल्या आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. सैफ अली खानचा उदयभान हा पोवाड्यातल्या उदयभानापेक्षा कितीतरी अधिक माणूस आहे. त्याला मजा येते, त्याला राग येतो, त्याला नाकारलं गेलं म्हणून तो बिघडलेला आहे. सहपात्र म्हणून तो चित्रपटातलं सगळ्यात चांगलं काम आहे.

पण शेवटाकडे पाहा. सभासदाकडे तानाजी आणि उदयभान एकमेकांच्या हातून पडतात. पोवाड्यात उदयभानाला शेलारमामा मारतात. चित्रपटात हात तुटलेला तान्हाजी स्वतःच उदयभानाला संपवतो आणि मग प्राण सोडतो. एकाच मृत्यूचे तीन मालक. गोष्ट जसजशी सुपरहिरोची झाली तसतसं मामाचं काम भाच्याच्या खात्यावर जमा झालं. शशांक शेंडे शेलारमामा म्हणून आहेत, देवदत्त नागे सूर्याजी म्हणून आहेत. नटांची उणीव नाही. त्यांच्या हातात उरलेलं काम कमी आहे. कमलचं तर मुख्य काम उदयभान किती वाईट आहे हे आपल्याला पटवण्याचं. माझ्या बबनची ती मोठी बहीण.

इतिहासाची मोडतोड झाली अशी ही तक्रार नाही. पोवाड्यानेही मोडतोड केलीच होती. माझी तक्रार गोष्टीच्या हिताची आहे. नायक पडल्यावर गड कोण घेणार, या प्रश्नावर ही कथा साडेतीनशे वर्षं उभी आहे. परतीचे दोर कापणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार ज्या प्रसंगाशी जोडला जातो, त्या प्रसंगात ते दोर कापणारा माणूस सूर्याजी आहे. नायकाने जाण्याआधीच सगळी कामं उरकली, तर कापायला दोर कशाला हवेत?

असहाय माणसाचे गुण जास्त

ही ओढ खेळांमध्ये तर नियम म्हणूनच छापलेली आहे. ‘चॅम्पियन्स’ हा सुपरहिरोंचा अमेरिकन खेळ १९८१चा. त्यात नायक गुणांवर विकत घ्यायचा असतो. शक्ती हवी तर गुण मोजा. गुण कमी पडले तर एखादी अडचण पत्करा, बदल्यात गुण मिळतील. अशा अडचणींच्या यादीत अवलंबून असलेलं सहपात्र हीही एक अडचण आहे. आई, प्रेयसी, लहान भाऊ. ते माणूस जितक्या वेळा संकटात सापडेल आणि जितकं असहाय असेल, तितके तुमचे गुण जास्त. नियम प्रामाणिक आहे, कारण सुपरहिरोंची कॉमिक्स तशीच चालतात. १९७३ मध्ये ग्वेन स्टेसी पुलावरून पडली ती स्पायडरमॅनच्या आयुष्यात वळण यावं म्हणून. १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोनने कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली, ज्यांना मारलं, लुळं केलं किंवा ज्यांची शक्ती काढून घेतली. त्या यादीला नाव पडलं ते फ्रीजवरून, कारण एका नायकाला त्याची प्रेयसी फ्रीजमध्ये मेलेली सापडते. माझा बबन त्या फ्रीजच्या शेजारच्याच खोलीत होता.

‘मास्क्स’ हा २०१६चा खेळ मला अधिक जवळचा वाटतो. त्यात नायक किशोरवयीन आहेत आणि त्यांच्या कागदावर ताकदीऐवजी लेबलं आहेत: धोका, विचित्र, तारणहार, श्रेष्ठ, साधा. मोठी माणसं काही बोलली की ही लेबलं खालीवर होतात. आईने म्हटलं, तू कुणाला तरी इजा करशील, की ‘धोका’ वाढतो आणि दुसरं काहीतरी घटतं. सुरुवातीला प्रत्येक मोठ्या माणसाचं तुमच्यावर वजन असतंच; ते झुगारायला कष्ट पडतात. ज्याने कोकणात गणपतीला पंधरा नातेवाईकांसमोर टक्केवारी सांगितली आहे, त्याला हा नियम समजावून द्यावा लागत नाही. शेलारमामा या खेळात फिट बसतात. ते शेजारी चालत असताना तानाजी फक्त सुभेदार नसतात, भाचेही असतात.

तरी इथेही मोठी माणसं आहेत ती नायकाच्या मनावर परिणाम करण्यापुरती. मामीने विचारलं असतं तर ‘मास्क्स’लाही सांगता आलं नसतं, की हा मामा दुपारी कुठे असतो.

पाच कार्डं

दुसऱ्या दिवशी मी चौदांपैकी नऊ पात्रं फाडली. उरलेल्या पाचांना प्रत्येकी एक कार्ड, आणि कार्डावर तीनच ओळी. एरवी काय करतो. काय करणार नाही. नायक आलेच नाहीत तर उद्या सकाळी काय होईल.

पहिली ओळ मामेबहिणीची, दुसरी यशवंतीकडून घेतलेली, तिसरी सूर्याजीकडून.

कंडक्टर: गावात मुक्कामी गाडी घेऊन येतो, रात्री देवळात झोपतो, झोपण्याआधी तिकिटांचा हिशोब दोनदा लावतो. डेपोच्या परवानगीशिवाय गाडी हलवणार नाही. नायक आले नाहीत तर पहाटेची गाडी वेळेवर सुटेल, कुणी बसो न बसो.

आशाताई: कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कोण बीपीची गोळी चुकवतं, हे सगळं तिच्या वहीत. कुणाचं दुखणं दुसऱ्याला सांगणार नाही, सुपरहिरोला तर मुळीच नाही. नायक आले नाहीत तर ती दारोदार जाईल.

बबनबद्दल मी एकट्याने ठरवलं नाही, सगळ्यांना विचारलं. दरड काढून टाकली. त्याचे आईवडील आता कामाला परगावी आहेत, तो आजीकडे राहतो, कबड्डी खेळतो. कुठल्या दगडावर उभं राहिलं की फोनला रेंज येते हे गावात फक्त त्याला माहीत आहे. रोज रात्री आठला तो तिथून आईशी बोलतो. त्या वेळात तो दगड कुणाला देणार नाही.

दुसऱ्या रात्री डोंगर ऐकणाऱ्या नायकाला आवाज आला. खाली निरोप पोचवायला हवा, रेंज हवी, आणि घड्याळात आठ. पहिल्या रात्री यांनी बबनला बाजूला ढकललं असतं, कारण तो काहीतरी देणारा होता. आता तो आईला कबड्डीचा सामना सांगत होता. मामेबहिणीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “मी थांबते.” भाऊ ओरडला, अगं डोंगर हलतोय! ती म्हणाली, “त्याला सांगते, आणि थांबते.” बबनने आईला काय सांगून फोन ठेवला, हे मला त्याच क्षणी बनवावं लागलं. पहिल्यांदाच माझं एक पात्र असं काहीतरी बोललं, जे मी लिहून आणलं नव्हतं.

त्यानंतर फासे वाईट पडले. ऐकणारा बेशुद्ध, यशवंती कड्यावर अडकलेली, आणि तिसरा नायक नेमका डोंबिवलीत. असं झालं की मी एरवी आकाशातून काहीतरी मदत टाकतो. या वेळी मी पाचही कार्डं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आता हे तुम्ही खेळा.

वीस-पंचवीस मिनिटं त्या खेळात एकही सुपरहिरो नव्हता. आशाताई वही न उघडता कुठल्या दारांवर आधी जायचं ते ठरवत होती. धाकटा मामेभाऊ कंडक्टर झाला होता, आणि तो बराच वेळ परवानगीवर अडून बसला, कारण कार्डावर तसं लिहिलं होतं. मग त्याने झोपलेल्या ड्रायव्हरला उठवलं. डोंगर थांबवायची शक्ती मी कुणालाही दिली नाही. त्या तालुक्यात बसून तशी शक्ती खेळण्यातसुद्धा देणं मला जमलं नसतं. माणसं हलली एवढंच.

खेळ संपल्यावर धाकट्याची तक्रार होती, “मला माझी पावर वापरायलाच मिळाली नाही.” ती रास्त होती. सुपरहिरोचा खेळ मांडून पोराला उडू दिलं नाही, तर तोही अन्यायच. पुढच्या वेळी त्याला उडायला मिळेल. पण त्याने लगेच विचारलं, “कंडक्टर परत असेल ना?”

परतीच्या दिवशी मामेबहीण मला पोलादपूरला सोडायला आली. वाटेत बोलणं सूर्याजींवर गेलं. त्यांची समाधी याच तालुक्यात आहे, साखरला. त्याच साखरची सुतारवाडी दरडीत सापडली होती. आणि रायबा? ज्याचं लग्न खोळंबलं तो पोरगा पुढे चंदगडजवळच्या पारगडाचा किल्लेदार झाला. मालुसरे आजही तिथे राहतात. म्हणजे मांडवात थांबवून ठेवलेल्या त्या नवऱ्या मुलाला पुढे एक अख्खा गड सांभाळायचा होता, आणि आपण त्याला फक्त एका वाक्यापुरता ओळखतो.

गाडी यायला वेळ होता. तिने माझ्या वहीतलं एक कोरं कार्ड काढलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि परत दिलं. गाडीत बसल्यावर वाचलं.

घोरपड. एरवी काय करते: ऊन खाते. काय करणार नाही: हा कडा. नायक आला नाही तर: बरंच होईल, उन्हातच बसून राहील.